तांबीचं दुसरं करडू

वाढदिवसाला बकऱ्या घेऊन जाणारी बाई म्हणून वेणूची गावात आधी चेष्टा झाली, मग चर्चा झाली आणि शेवटी लोक कंटाळले. "धनेशशेटची बायको पोरांपुढं बकऱ्या नाचवते," असं कुणी म्हटलं की वेणू फणकारायची, "नाचवत नाय, नेते. नाचायला तुमच्या हलदीला डीजे हाय."

गाव रोडपालीच्या मागचं. एके काळी तीन बाजूंना भातशेती आणि चौथ्या बाजूला मिठागर होतं. आता चारही बाजूंना इमारती आणि मध्ये चेंगरलेलं गावठाण. जमिनी गेल्या, त्यांचा मोबदला आला, आणि वेणूचा नवरा धनेश आधी ट्रकांच्या धंद्यात आणि मग बांधकामात शिरला. जुनं घर पाडून त्याने तीन मजली बंगला उठवला. पोर्चमधली फरशी इतकी गुळगुळीत की म्हातारे पाहुणे भिंत धरून आत येत. पण बंगल्याच्या मागे, शेवग्याच्या झाडाजवळ, सासूच्या वेळचा गोठा वेणूने पाडू दिला नव्हता. त्यात पाच बकऱ्या, डझनभर कोंबड्या, चार बदकं आणि सशांचं एक जोडपं होतं. धनेश त्याला अडगळ म्हणायचा. वेणू आपटा गावची, नदीकाठच्या शेतकऱ्याची लेक. जनावरांशिवाय घर म्हणजे लॉज, असं तिचं साधं मत होतं.

धंदा म्हणून तिने काही सुरू केलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या कॉम्प्लेक्समधली प्रांजल नावाची बाई गावठी अंडी घ्यायला आली. तिच्याबरोबर पाच वर्षांची मुलगी होती, प्राची. वेणूने कोंबडीखालून नुकतंच घातलेलं अंडं काढून पोरीच्या हातावर ठेवलं. पोरीने दचकून विचारलं, "हे गरम का आहे? कुणी उकडलं?"

वेणू पोट धरून हसली. पण त्या दोघी गेल्यावर तिचं हसू मावळलं. पोरीला इंग्रजीत अठरा प्राण्यांची नावं येत होती, त्यांच्या पिल्लांची वेगळी नावं येत होती, आणि अंडं कोंबडीच्या पोटातून गरम येतं हे तिला ठाऊक नव्हतं. यात पोरीचा काय दोष? जी गोष्ट हाताला कधी लागलीच नाही ती डोक्यात शिरणार कुठून? वेणूला राग आला, आणि तिचा राग असा की तो आला की ती काहीतरी करून बसते. प्राचीच्या सहाव्या वाढदिवसाला ती न बोलावता दोन बकऱ्या आणि एक कोंबडी घेऊन कॉम्प्लेक्सच्या फाटकावर उभी राहिली. रखवालदाराशी तिचं भांडण झालं. ते ऐकून प्रांजल खाली आली आणि तिला आत घेऊन गेली. तिथून सुरुवात झाली.

पुढे तिने शुक्रीला जोडीला घेतलं. शुक्री आपट्याच्या वरच्या डोंगरवाडीतली. तिची आई वेणूच्या बापाच्या शेतावर राबायची, त्यामुळे दोघी एकाच बांधावर खेळलेल्या. मजुरी करून शुक्रीची पाठ मोडली होती, पण जनावरांचं तिला जे कळायचं ते भल्याभल्यांना कळत नसे. "तू बोल, मी बघते," अशी तिने कामाची वाटणी केली होती.

वेणूची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. फुगे, माईक, जनावरांच्या डोक्यावर टोप्या, गुलाबी रंगवलेली पिल्लं, असलं काही तिच्याकडे नव्हतं. एकदा एका पार्टीवाल्याने पिल्लं रंगवून मागितली, तेव्हा ती म्हणाली, "आधी तुला रंगवते, मंग बघू." पोरांनी हात धुवायचे, चटईवर मांडी घालून बसायचं आणि तळहातावर पाला ठेवून वाट बघायची. जनावराला उचलायचं नाही, ओढायचं नाही, त्याच्यामागे धावायचं नाही. "तुमी त्याच्याकडं नाय जायाचा. त्याला वाटला तर तो येईल. नाय आला तर नाय आला."

पहिली पाच मिनिटं पोरं चुळबुळत. मग हळूहळू गप्प होत, कारण आरडाओरडा करणाऱ्याकडे बकरी फिरकत नाही आणि शेजारी गप्प बसलेल्याच्या हातातला पाला मात्र संपलेला असतो. वाट बघणं आयांना वर्षभर सांगून शिकवता येत नव्हतं, ते तांबी दहा मिनिटांत शिकवायची. तांबी म्हणजे लाल रंगाची सगळ्यांत शहाणी बकरी. तिच्या कुशीवर हलका हात ठेवून पोरांनी तिचा श्वास मोजायचा. आपण जोरात बोललो की आकडा वाढतो, हे पोरं स्वतःच शोधून काढत. वेणू उत्तरं द्यायची नाही, फक्त विचारायची. हिचे पुढचे वरचे दात कुठं गेले? बदक पाण्यातून आलं, मग ते ओलं का नाही? "बघ आनि सांग," एवढंच. शेवटी झाडू आणि सुपली पोरांच्या हातात. लेंड्या गोळा करून कागदात बांधायच्या आणि घरच्या कुंडीत घालायच्या. हीच रिटर्न गिफ्ट. आया नाकाला रुमाल लावत आणि पोरं पुड्या छातीशी धरून घरी नेत.

मग ते कोंबडीचं प्रकरण झालं. फेब्रुवारीतल्या एका वाढदिवसाला एका मुलाने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "मावशी, आपण खातो ते चिकन म्हणजे हीच का?" आया एकदम हसू लागल्या, "नाही रे, ते वेगळं असतं." वेणू म्हणाली, "हीच. वेगला कसला?" मुलाने त्या दिवशी समोरचे नगेट्स खाल्ले नाहीत, दुसऱ्या दिवशीही खाल्ले नाहीत. तिसऱ्या दिवशी तक्रार झाली.

तक्रार गेली चारुदत्त साहेबांकडे. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस प्रांजलच्या कॉम्प्लेक्सचा अध्यक्ष होता, आणि आसपासच्या नऊ सोसायट्या त्याच्या शब्दावर चालत. स्वभावाने वाईट नव्हता. पोरांवर त्याची माया होती; पण माया म्हणजे पोरांसमोर काही अप्रिय येऊ न देणं, असं त्याला मनापासून वाटायचं. साहेबांनी वेणूला बोलावून सांगितलं, "एप्रिलमध्ये प्राचीचा आठवा वाढदिवस आहे. त्या दिवशी मी स्वतः बघेन. सगळं नीट झालं तर नऊही सोसायट्यांसाठी वर्षभराची परवानगी. नाही झालं तर फाटक बंद. आणि कृपा करून मुलांना भलतंसलतं सांगू नका."

ही गोष्ट घरी कळली तेव्हा धनेशचे डोळे चमकले. गोठ्याच्या जागेवर गाड्या लावायचं त्याच्या मनात कधीचं होतं. "बोल वेणू," तो म्हणाला, "परवानगी मिलाली तर गोठ्याला मी जन्मात हात लावनार नाय. नाय मिलाली तर तिसऱ्या दिवशी जेसीबी."

"कबूल," वेणू म्हणाली. तिला वाटलं, वाढदिवस तर आहे. त्यात असं काय होणार आहे?

जे झालं त्याचं मूळ हळदीत होतं. आगऱ्यांच्या गावात लग्नापेक्षा हळद मोठी. वेणूने आयुष्यात कॅलेंडर पाहून कसलीच नोंद ठेवली नव्हती. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, गॅस कधी संपला, सगळं ती हळदींवरून लक्षात ठेवायची. तांबीला गावातला बोकड लागला तो दिरांच्या लेकीच्या, दिपिकाच्या हळदीला, असं तिच्या मनात पक्कं होतं. घरात कुणी नव्हतं, दाव्याला कुणी बघत नव्हतं, आणि तिने परत येऊन पाहिलं तर तांबी नि बोकड शेवग्याखाली. तिथून पाच महिने मोजले की मेचा दुसरा आठवडा येत होता.

पण त्याच दिरांच्या थोरल्या लेकीची, अंकिताची हळद दिपिकाच्या आधी वीस दिवस झालेली. अंगण तेच, मांडव तोच, डीजे तोच, आणि वेणूच्या अंगावर दोन्ही वेळा तीच पिवळी साडी. दोन हळदी तिच्या डोक्यात एकमेकींत कालवल्या गेल्या. शुक्री त्या आठवड्यात दोनदा म्हणाली, "वेणूबाय, कास भरलीय हिची. नेऊ नको." वेणूने तिला झटकलं. "दिपिकाच्या हलदीपासून मोज ना. अजून वीस दिस हायत." तांबीशिवाय परीक्षेला जायचं म्हणजे शिक्षकाशिवाय शाळा भरवायची, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिला जिंकायचं होतं, आणि जिंकायची घाई झाली की माणूस हातातल्या खुणा बघत नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी, ऊन उतरल्यावर, टेम्पोतून जनावरं निघाली. रस्ता खोदलेला होता, टेम्पो आदळत गेला. क्लब हाऊसच्या हिरवळीवर हिरवी जाळी ताणलेली होती. बावीस पोरं, त्यांच्या आया, थोडे बाप, आणि पुढच्या खुर्चीत चारुदत्त साहेब. खिशात घडी केलेला परवानगीचा कागद होता, तो त्यांनी वेणूला दाखवून ठेवला.

पहिला अर्धा तास असा गेला की वेणूलाच स्वतःचं कौतुक वाटलं. पोरांनी श्वास मोजले, बदकाच्या पंखांवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. बकरीला वर पुढचे दातच नसतात हे एका मुलीने शोधलं, तेव्हा साहेब खुर्चीतून उठून वाकून बघायला आले. "अरे, खरंच की," ते म्हणाले. "साठ वर्षांत मला माहीत नव्हतं." वेणूने शुक्रीकडे डोळा मिचकावला.

शुक्री मात्र तांबीकडे बघत होती. तांबी चटईपासून लांब जाऊन कडेच्या झुडपापाशी उभी होती. पुढच्या खुराने माती उकरत होती, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती. मग ती खाली बसली आणि घशातून एक बारीक आवाज काढला.

"येळ भरली," शुक्री म्हणाली.

"अजून दिस हायत."

"ते तुज्याकडं हायत. तिच्याकडं नाय."

वेणू जवळ गेली आणि तिने तांबीची भरलेली कास नीट पाहिली. त्या क्षणी तिला अंकिताची हळद आठवली. शेवग्याखाली तांबीला पाहिलं ते अंकिताच्या हळदीहून परत येताना. त्या दिवशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती अनवाणी आली होती. आता आठवून काय उपयोग?

साहेबही समजले. त्यांनी खालच्या आवाजात, पण घाईघाईने सांगितलं, "हिला उचला. जनरेटरच्या खोलीमागे न्या. मुलांना आपण केक कापायला वर नेऊ."

"आता हलवली तर आईबी जाईल नि पिल्लूबी जाईल."

"अहो, मुलं आहेत समोर!"

"म्हनून काय झाला? पोरं कुठून आली, झाडावरून?" वेणू पोरांकडे वळली. "ऐका. तांबी व्यायला बसलीय. म्हंजे तिला पिल्लू होनार हाय. तिला दुखनार, थोडा रगत दिसेल. ज्याला नको वाटतंय त्याने आईकडं जायाचा, त्यात लाज नाय. ज्याला बघायचंय त्याने आहे तिथंच बसायचा. जवल यायचा नाय, बोलायचा नाय, मोबाईल नाय. तिला भीती वाटली तर तिचा काम अडेल."

तीन पोरं उठून गेली. एकोणीस बसून राहिली. काही आयांनी पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि पोरांनी ते बाजूला केले. प्रांजल एकदा पुढे झाली, प्राचीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल ना वर, केक आहे." प्राची म्हणाली, "आई, हळू बोल." प्रांजल तिथेच गवतावर बसली.

करडाचा एक पाय बाहेर आला. दोन यायला हवेत आणि त्यांच्यावर नाक टेकलेलं असायला हवं. इथे एकच पाय. दुसरा आत मुडपला होता. शुक्रीने हात साबणाने कोपरापर्यंत धुतला, तेल लावलं आणि तांबीची कळ ओसरायची वाट बघितली. एकोणीस पोरंही वाट बघत होती. हिरवळीवर इतकी शांतता झाली की लिफ्टचा आवाज ऐकू येत होता. शुक्रीने डोळे मिटून आत चाचपलं, करडू थोडं मागे सारलं, मुडपलेला पाय सरळ केला. पुढच्या दोन कळांत करडू गवतावर आलं. तिने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटाने अंग खसाखसा चोळलं. करडू शिंकलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. एका मुलाने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं होतं. खुर्चीत बसलेल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि वेणूला वाटलं, झालं, सुटलो. कागद खिशातून निघणार.

थोड्या वेळाने दुसरं करडू आलं. ते सरळ आलं, सहज आलं आणि आलं तसंच पडून राहिलं. शुक्रीने त्याला उलटं धरलं, झटकलं, चोळलं, नाकात गवताची काडी घातली. खूप वेळ चोळलं. मग तिने वेणूकडे पाहिलं आणि हात थांबवले.

साहेब लगबगीने पुढे आले आणि पोरांना मोठ्याने म्हणाले, "छान, छान! दुसरं बाळ दमलंय. झोपलंय ते. चला, आता केक!"

कुणी उठलं नाही. प्राची बसल्या जागेवरून करडाच्या कुशीकडे टक लावून बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, आकडे मोजताना हलतात तसे. पण मोजणी एकापर्यंतही पोचेना. "आजोबा," ती म्हणाली, "ते झोपलं नाहीये. त्याचं पोट हलत नाहीये."

साहेब वेणूच्या कानाशी आले. "एवढंच म्हणा, झोपलंय. एकच शब्द. बाकी सगळं उत्तम झालंय. मी आत्ता, इथे, सही करतो."

वेणूसमोर गोठा उभा राहिला. सासूने शेणाने सारवलेली भिंत, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं. एक शब्द बोलायचा होता, आणि तोही वाईट शब्द नव्हता. शहाण्या माणसांच्या तोंडी तो रोज असतो. तिने एकोणीस तोंडांकडे पाहिलं. अर्धा तास ही पोरं न हलता बसली होती, का तर वेणूमावशीने सांगितलं ते खरं असणार म्हणून.

"मेलंय ते," वेणू म्हणाली. "झोपला नाय. मेला. आनि आयका, चूक माजी हाय. मी दिस मोजायला चुकले. हिला आज टेम्पोत घालायलाच नको होती. शुक्री सांगत होती, मी आयकला नाय."

एक मुलगी रडू लागली. मग आणखी दोघं. प्राचीने रडत रडतच विचारलं, "तांबीला माहितीये?"

"बघ आनि सांग."

तांबी मान लांबवून दुसऱ्या करडाला चाटत होती. चाटलं, नाकाने ढोसलं, थांबली, पुन्हा चाटलं. असं बराच वेळ चाललं. मग तिने मान फिरवली आणि पहिल्या करडाला चाटायला लागली. ते धडपडत उठून तिच्या कासेशी तोंड खुपसत होतं. "आता माहीत झालं," प्राची म्हणाली आणि बाहीला नाक पुसलं.

केक त्या दिवशी उशिरा कापला गेला. परवानगीचा कागद साहेबांच्या खिशातून बाहेर आलाच नाही, आणि संध्याकाळ संपायच्या आत नऊ सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप गेला होता: आवारात जनावरं आणण्यास मनाई.

घरी आल्यावर वेणूने धनेशला सगळं सरळ सांगून टाकलं. धनेशलाही वाईट वाटलं, पण तो शब्दाचा पक्का होता. "एक शब्द, वेणू. एका शब्दावर गोठा र्‍हायला असता."

"र्‍हायला असता. मंग त्या पोरांना मी उद्या काय तोंड दाखवनार होते?"

शेवग्याखाली खड्डा खणून तिने दुसरं करडू पुरलं. साहेबांचा तिला राग नव्हता. राग स्वतःचा होता, त्या खोदलेल्या रस्त्याचा आणि दोन पिवळ्या हळदींचा होता. आणि एक भीती होती, जी ती शुक्रीलाही बोलली नाही: पोरं घाबरली असतील तर? आपण खरं बोललो ते आपल्या ताठ्यापायी, आणि त्याची किंमत एखाद्या चिमुरडीने अंथरुणात दचकून मोजली असेल तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. वेणूने हुज्जत घातली नाही. तिने एकेक करून सगळी जनावरं सोडली आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये, त्या गुळगुळीत फरशीवर, खांबांना आणि धनेशच्या गाडीच्या बंपरला बांधली. कोंबड्या तिने बॉनेटवर बसवल्या. तांबी आणि तिचं करडू दरवाजाच्या उंबऱ्याशी.

"ही काय पद्धत झाली?" धनेश ओरडला.

"गोठा पाडायचा ठरला होता. जनावरा इकायची नव्हती ठरली. पाडा तुमी."

धनेश काही बोलणार इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. प्रांजल उतरली. मागोमाग प्राची आणि तिच्या वर्गातल्या दोघी. भांडायला आली असेल तर तिचा हक्कच आहे, असं म्हणून वेणू पदर खोचून पुढे झाली.

"वेणूताई," प्रांजल म्हणाली, "त्या रात्री ही खूप रडली. मग झोपली. मला वाटलं होतं उठेल, घाबरेल. उठली नाही. सकाळी या दोघींना फोन लावून सगळं सांगत बसली. एक पाय आधी आला तर काय करायचं, नाक कसं पुसायचं. अर्धा तास. शाळेत काय शिकवलं विचारलं तर ही पोरगी दोन वाक्यांवर बोलत नाही." तिने प्राचीकडे पाहिलं. "आणि आज म्हणते, दुसऱ्याला कुठे ठेवलं ते बघायचंय. मी नाही म्हणणार होते. पण काय कारण सांगून नाही म्हणू, ते सुचलं नाही."

वेणूने प्राचीचा हात धरला आणि सगळ्यांना मागे नेलं. शेवग्याखाली माती अजून ओलसर, उंचवट्यासारखी होती. तिघी मुली तिथे उभ्या राहिल्या. जेसीबी दहा पावलांवर घरघरत होता, त्याचं फावडं वर उचललेलं. मागून धनेश आला.

प्राचीने फावड्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं आणि धनेशला विचारलं, "काका, हे मशीन इथे पण खणणार का?"

धनेश हसला, मोठी माणसं मुलांना बघून हसतात तसा. "नाय गं बाला, इथं कशाला—"

"अवं," वेणूने त्याला तिथेच तोडलं. "पोरीला खरा काय ते सांगा. खननार असाल तर खननार म्हना. रडंल थोडी. पन आयकून घेईल."

धनेशचं हसू ओठांवरच राहिलं. आयुष्यभर त्याने साहेबांना, दलालांना, गावकीला वेळ पडेल तशी उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही त्याला जड गेलं नव्हतं. प्राची त्याच्याकडे बघत होती. ती विनवत नव्हती, रुसली नव्हती, नुसती उत्तराची वाट बघत होती. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, कारण शेट काय म्हणतोय ते त्यालाही ऐकायचं होतं.

"नाय," धनेश शेवटी म्हणाला. "नाय खननार."

"नक्की?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला, एकदा वेणूकडे पाहिलं, आणि मग जेसीबीवाल्याकडे वळून खेकसला, "तोंड काय बघतोस? ने तो परत!"

वेणूने त्याचे आभार मानले नाहीत. जनावरांची दावी सोडायला ती पोर्चकडे गेली.